१४०३ ची वाट

(दादर येथील एका वाचनालयात जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, या वाचनालयात मी यापूर्वी जलदुर्गांवर आणि मोडी लिपीवर बोललो आहे. व्हिडिओ गेमवर बोलण्याची ही पहिलीच वेळ. विषय सांगितला तेव्हा कार्यवाहांनी इतका वेळ घेतला की फोन कट झाला असे मला वाटले. मग त्यांनी एवढेच विचारले, "सर, आपल्या नेहमीच्या मंडळींना झेपेल ना?" नेहमीची मंडळी पहिल्या चार रांगांत बसलेली मला दिसते आहे. मागे भिंतीला टेकून उभी आहेत ती माझ्या महाविद्यालयातली मुले, आणि त्यांच्या डोक्यात सध्या ४ फेब्रुवारी या तारखेखेरीज काही नाही. त्या दिवशी 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' या गेमचा दुसरा भाग बाजारात येतो आहे. पन्नाशीच्या जवळ आलेला इतिहासाचा एक प्राध्यापकही तितक्याच उतावीळपणे त्याची वाट पाहत आहे, आणि ती का पाहत आहे हे आज मला सांगायचे आहे.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. वॉरहॉर्स हा प्राग शहरातला स्टुडिओ. मध्ययुगावरचा, पण ड्रॅगन नाही, जादू नाही, चेटकीण नाही असा गेम करायचा, ही त्यांची कल्पना पैसेवाल्यांना विकाऊ वाटेना. तेव्हा जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडेच वर्गणी मागितली. मागितले होते तीन लाख पौंड. पस्तीस हजारांहून अधिक लोकांनी मिळून अकरा लाखांच्या वर दिले. आपल्याकडे मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातात, त्यातलाच हा प्रकार, फक्त गणपती चार वर्षांनी बसला. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी गेम आला.

कथा १४०३ सालच्या बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली. चौथा चार्ल्स हा कर्तबगार सम्राट १३७८ मध्ये वारला. त्याच्या जागी आलेला मुलगा वेन्सेस्लास राज्यकारभारात ढिला निघाला, आणि १४०२ मध्ये त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिस्मुंड, याने त्याला कैदेत टाकले. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच काळात आपल्याकडे गुलबर्ग्याच्या गादीवर फिरोजशहा बहमनी होता, आणि परंपरेने सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून बारा वर्षे चालला असे मानले, तर तो ऐन भरात होता. दख्खनमध्ये गावेच्या गावे ओस पडत असताना तिकडे स्कालित्स नावाच्या गावात लोहाराचा मुलगा हेन्री सकाळी उशिरा उठतो आणि बाप त्याला कोळसा आणायला पिटाळतो. गेमची सुरुवात एवढीच आहे. संध्याकाळच्या आत सिगिस्मुंडचे सैन्य गाव जाळते, आईबाप मारले जातात, आणि हेन्री जीव घेऊन पळतो.

आता मुद्द्याकडे येतो. या गेमचे वर्णन करताना सगळे 'वास्तववादी' हा शब्द वापरतात. हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्र येते: पानांवरचे ऊन, चिखलातली चाकोरी, चिलखतावरचा गंज. ते सगळे त्यात आहे आणि देखणे आहे. पण मला हा गेम खरा वाटला तो एका वेगळ्याच जागी, उझित्स नावाच्या खेड्यात.

हेन्रीला वाचता येत नाही. आरंभी हातात पुस्तक घेतले तर पडद्यावर अक्षरे दिसतात, पण शब्दांतली अक्षरे उलटीसुलटी झालेली असतात. ओळखीची वाटतात आणि तरी अर्थ लागत नाही. उझित्सला एक लेखनिक आहे, त्याच्याकडे जाऊन पैसे मोजून शिकावे लागते. शिकल्यावरही एकदम सगळे उघडत नाही. आधी छोटे शब्द जागेवर येतात, मग लांब शब्दांतली एखाददुसरी अक्षरेच चुकीची राहतात, आणि पुष्कळ वाचल्यावर कधीतरी पान स्वच्छ होते. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा खुर्चीत मागे टेकून बसलो. आजोबांच्या पेटीत मोडीतली काही खरेदीखते होती, आणि मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो तेव्हा त्या कागदांचे माझ्यासाठी नेमके हेच झाले होते. एका शिरोरेघेला लटकलेल्या सलग ओळीतून आधी फक्त 'मौजे' वाचता आले, काही आठवड्यांनी 'बिन', आणि 'दस्तुर' वाचता आले त्या दिवशी मी घरी पेढे नेले. निरक्षर माणसाला कागद कसा दिसतो हे मी वर्गात वर्षानुवर्षे शब्दांनी सांगत आलो. या गेमने ते डोळ्यांना दाखवले.

दुसरी गोष्ट सेव्हची. इतर गेममध्ये वाटेल तेव्हा बटण दाबून खेळ सेव्ह करता येतो आणि मेलात तर तिथूनच पुढे सुरू होतो. इथे त्यासाठी आपल्या बिछान्यात झोपावे लागते, हमामखान्यात जावे लागते, नाहीतर एक विशिष्ट मद्य प्यावे लागते. ते विकत घेतले तर खिसा रिकामा होतो, म्हणून स्वतः करायचे: कढईत वाइन ओतायची, अंगाला लागली की आग होते त्या नेटलची पाने टाकायची, वाळूचे घड्याळ दोनदा उलटेपर्यंत उकळायचे, बेलाडोना खलबत्त्यात कुटून घालायची, पुन्हा एक घड्याळ उकळायचे आणि बाटलीत भरायचे. भाता जोरात मारला की उतू जाण्याची भीती, घाई केली की काढा फुकट. एका रात्री मी ही मद्याची बाटली वाचवायची म्हणून सेव्ह न करता सव्वादोन तास खेळलो. सासाउच्या वाटेवर तीन दरोडेखोरांना चकवून, जखमेला पट्ट्या बांधत, अंधारात मशाल न पेटवता मुक्कामाच्या दारापर्यंत आलो, आणि आमच्या इमारतीच्या मीटररूममधला फ्यूज उडाला. सौ. मेणबत्ती घेऊन आली तेव्हा मी काळ्या पडद्याकडे पाहत बसलो होतो. पुढे खेळणाऱ्यांच्या तक्रारीवरून गेममधून बाहेर पडताना आपोआप सेव्ह होण्याची सोय देण्यात आली. ती योग्यच होती. तरीही सांगतो, त्या रात्री मला रस्त्याची जी भीती वाटली ती सोय आल्यानंतर तितकी कधी वाटली नाही.

तेव्हा माझ्या दृष्टीने या गेमचा खरेपणा अडचणीत आहे. धनुष्याला नेम धरण्यासाठी पडद्यावर टिंब नाही. शिरस्त्राणाची झापड खाली घेतली की चेहरा वाचतो, पण जग एका फटीएवढे उरते. आत रुईभरला अंगरखा, त्यावर कड्यांचे चिलखत, त्यावर पत्रा असे थर नीट चढवले नाहीत तर महागडा पत्राही कामाचा नाही. रक्ताने माखलेल्या कपड्यांत सरदारापुढे गेलात तर तो तसेच वागवतो. दिवाळीत आपल्या चाळींच्या आवारात मुले किल्ला करतात. त्यात बुरूज, दरवाजा, अळीव पेरून उगवलेले रान, सगळे असते, पण मावळ्याला गडावर चढताना दम लागत नाही. हेन्रीला लागतो.

वास्तववादाच्या या दाव्यावर वादही झाला. १४०३ च्या बोहेमियात गौरेतर माणसे दिसायला हवी होती की नाही, यावर २०१८ मध्ये बरीच खडाजंगी झाली. दोन्ही बाजू इतिहासाचा हवाला देत होत्या. माझे मत थोडक्यात असे की कागदपत्रे ज्यांची आहेत त्यांचाच इतिहास खरा धरण्याची सवय आपल्या क्षेत्राला फार जुनी आहे, आणि गेम करणारेही त्या सवयीतून सुटलेले नाहीत. या प्रश्नाला स्वतंत्र व्याख्यान लागेल.

आता दुसऱ्या भागाविषयी. पहिल्या भागाचा मुलूख साधारण सोळा चौरस किलोमीटर, म्हणजे इथून निघून माटुंगा, परळ, वरळी करून परत यावे एवढा. दुसरा त्याच्या दुप्पट आहे, असे स्टुडिओचे म्हणणे आहे. त्यातली एक जागा ट्रॉस्की. दोन सुळक्यांवर दोन मनोरे उभारलेला हा किल्ला. सुळके ज्वालामुखीतून आलेल्या बेसॉल्टचे, आपल्या सह्याद्रीच्या जातीचे. एका मनोऱ्याचे नाव पान्ना, म्हणजे कुमारिका, आणि दुसऱ्याचे बाबा. चेकमध्ये बाबा म्हणजे म्हातारी, हे ऐकून आमच्या मुलांना फार हसू आले.

मला मात्र ओढ आहे ती कुटेनबर्गची, आजच्या कुत्ना होराची. तिथल्या खाणींतली चांदी म्हणजे बोहेमियाच्या राजाचा खजिना. १३०० पासून तिथल्या टांकसाळीत प्रागचा ग्रोशन पाडला जाई आणि तो मध्य युरोपभर चाले. खाणकामगारांच्या पैशाने आणि त्यांच्याच रक्षक संत बार्बराच्या नावाने तिथले चर्च १३८८ मध्ये बांधायला घेतले. ते पुरे झाले १९०५ मध्ये. म्हणजे हेन्री तिथे पोहोचेल तेव्हा त्याला दिसायला हवे ते अर्धवट बांधकाम: बांबू-फळ्यांच्या ऐवजी ओंडक्यांच्या परांच्या, चुन्याची धूळ, दगड घडवणाऱ्यांचा आवाज. कोपऱ्या-कोपऱ्यावर खोदकाम आणि क्रेन पाहत राहणाऱ्या मुंबईकराला असे शहर लगेच ओळखू येईल. शिवाय पहिल्या भागात खेडी होती आणि खेड्यात प्रत्येक जण हेन्रीला ओळखे. शहरात त्याला कोणी विचारणार नाही.

भीतीही आहे. पहिल्या भागाच्या शेवटापर्यंत हेन्री वाचायला शिकलेला आहे, तलवार चालवतो, घोड्यावरून पडत नाही. हान्स कॅपन या तरुण सरदाराबरोबर तो एक पत्र घेऊन ट्रॉस्कीकडे निघतो आणि तिथेच कथा थांबते. आता इतक्या तयार माणसाला पुन्हा नवखा कसा करणार? वाटेत लुटून, कपडे काढून घेऊन, हे जुने तंत्र आहे आणि माझी त्याला हरकत नाही. माझी धास्ती वेगळी आहे. मोठा खर्च झाला की मोठा ग्राहकवर्ग लागतो, आणि मोठ्या ग्राहकवर्गाला सोय लागते. हेन्रीला पुन्हा अक्षरे विसरायला लावा असे मी म्हणत नाही. पण लेखनिकापुढे बसण्याची जागा कुठेतरी असू द्या.

तारखांचा खेळ तर तुम्हाला माहीतच आहे. एप्रिल २०२४ मध्ये घोषणा झाली तेव्हा त्याच वर्षाचे आश्वासन होते. ऑगस्टमध्ये ते ११ फेब्रुवारी २०२५ झाले, आणि मग तारीख चक्क एक आठवडा अलीकडे आली. काम वेळेआधी होते आहे, यावर माझ्या इमारतीतल्या कोणाचाही विश्वास बसला नाही. आमची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे.

तयारी म्हणून गेल्या रविवारी मी माझा २०१८ चा जुना सेव्ह उघडला. हेन्री रातायच्या वेशीबाहेर उभा होता, पूर्ण चिलखतात, कौशल्याचे जवळजवळ सगळे आकडे टोकाला पोहोचलेले. त्याच्या जगात तेव्हापासून चार दिवसही गेले नव्हते. मी मात्र दरम्यान चष्म्याचा नंबर दोनदा बदलला आहे. रानात शिरलो, समोर एकच दरोडेखोर आला, फाटका अंगरखा आणि हातात सोटा. ढाल वर करायचे बटण कोणते हे मला आठवेना. मी एक दाबले तर हेन्रीने तलवार म्यानात घातली, दुसरे दाबले तर तो वाकून फुले खुडू लागला, आणि तेवढ्यात सोटा बसला.