शिंगराचं नाव ठेवण्याआधी

(दृश्य : तापीचा काठ. दावणीला बांधलेली जनावरं, खरारा करणारे हात.)

मार्गशीर्षात दत्तजयंती आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. यात्रा एकमुखी दत्ताची, पण नाव झालं ते घोड्यांमुळे. मारवाडी, काठियावाडी, सिंधी अशी जनावरं दूरदूरून येतात. गिऱ्हाईक दात बघतं, चाल बघतं. पण दावणीपुढे त्याचे पाय थबकतात ते आधी रंग बघूनच.

आणि रंगाला इथे मोघम बोलून चालत नाही. अंग तांबूस तपकिरी. आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा, तो कुमेत. आयाळीसकट सगळाच तांबडा, तो सुरंग. काळा तो मुश्की, पांढऱ्या रंगाचे मोठमोठे पट्टे असलेला अबलख. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याण, म्हणजे शुभ. त्याचा मालक भाव सांगताना जरा ताठ उभा राहतो.

हे वेड जुनंच. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणि’ कोश रचला. त्यात घोड्याच्या रंगांचे शब्द ओळीने येतात. पांढरा तो कोकाह, काळा तो खुंगाह. या शब्दांना संस्कृताचा वास कमी. समुद्रापलीकडून घोडे आणणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर ते आले असावेत, असं अभ्यासक मानतात.

(दृश्य : आईला चिकटून उभं असलेलं काळसर शिंगरू.)

घरी शिंगरू जन्मलं की नाव ठेवायची घाई होते. काळं दिसलं, ठेवा काजळ. पांढरं दिसलं, मोती. शिवरायांच्या घोड्यांची म्हणून जी नावं परंपरेने सांगतात, त्यांत मोती आहे तसं गाजरही आहे. ते कशावरून पडलं असेल, तुम्हीच ताडा.

पण या शिंगराला काजळ म्हणण्याआधी कॅमेरा जरा जवळ नेऊ. डोळ्याभोवती बघा. काळ्या लवेत पांढरे केस डोकावताहेत, चष्मा घातल्यासारखे. हे शिंगरू काळं राहणार नाही. वर्षागणिक अंगावर पांढरे केस वाढतील, मध्ये कधीतरी पुठ्ठ्यावर गोल गोल ठिपके उमटतील आणि सहा-आठ वर्षांत काजळ पांढराशुभ्र होईल. बाजारात अशा राखी घोड्याला सब्जा म्हणतात.

यामागचं कारण 2008 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधलं. एसटीएक्स-17 नावाच्या जनुकात डीएनएचा सुमारे 4,600 अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला असतो. त्यामुळे केसांना रंग पुरवणाऱ्या पेशी लवकर संपतात. कातडी मात्र काळीच राहते. म्हणून ऐन तारुण्यातला सब्जा उन्हात निळसर दिसतो. राजस्थानी लोकपरंपरा राणा प्रतापांना निळ्या घोड्याचा स्वार म्हणते. 1576 च्या हळदीघाटीतला चेतक असाच सब्जा असावा, असं मला वाटतं.

आई किंवा बाप यांपैकी एक तरी सब्जा असल्याशिवाय शिंगरू सब्जा होत नाही. तेव्हा नाव ठेवण्याआधी आईबापांकडे एकदा बघून घ्यावं. त्यांतला एखादा म्हातारपणी पांढराफटक दिसत असला, तरी त्याचे ओठ आणि नाकपुड्या काळ्या आहेत का ते बघा.

(दृश्य : गुलाबी नाकपुडी, अगदी जवळून.)

हा मात्र नुकरा. कातडीच गुलाबी. हा जन्मताच पांढरा आणि मरेपर्यंत पांढरा. याला बेलाशक मोती म्हणा.

कुमेताचं शिंगरूही फसवतं. जन्मताना पाय फिकट असतात; पहिली लव झडली की मग त्यांच्यावर काळा रंग चढतो. सुरंगाचं तसं नाही. सुरंग नर आणि सुरंग मादी यांचं शिंगरू सुरंगच निघतं, कारण दोघांकडेही केसांत काळा रंग भरणारं जनुक चालतं नसतं.

रंगावरून पैज लागली आणि घर फिरलं, अशी गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे. उच्चैःश्रवा संपूर्ण पांढरा, असं विनता म्हणाली. शेपूट काळं, असं कद्रू म्हणाली आणि आपल्या सर्पपुत्रांना शेपटात केस होऊन बसायला लावलं. विनता दासी झाली. व्यवहारात फसवणूक एवढी थोर नसते. पांढरा ठिपका रंगवून झाकतात, इतकंच. ओला फडका फिरवून बघितलेला बरा.

शर्यतीच्या घोड्यांना ही कटकट नाही. तिथे रंग कागदपत्रांवर वेगळा नोंदवतात आणि नाव कसलंही चालतं, फक्त रोमन लिपीत 18 अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, मधल्या मोकळ्या जागा धरून.

मग डोळ्याभोवती पांढरे केस असलेल्या त्या काळ्या शिंगराला काय म्हणावं? झाशीच्या राणीच्या घोड्यांमध्ये परंपरेने एक नाव सांगतात, बादल. ढग काळाही असतो, राखीही आणि पांढराही. सब्ज्याला ते जन्मभर पुरतं.