पुढच्या महिन्यात येणारा फोन

नमस्कार श्रोतेहो. नवा फोन किंवा टॅब घ्यायचा म्हटलं की घरातलं कोणीतरी हमखास सांगतं, "थांबा, पुढच्या महिन्यात नवीन येतोय." खरंच येतो! सॅमसंगचे मोठे फोन वर्षाच्या सुरुवातीला, घडीचे जुलैच्या सुमारास, ॲपलचे सप्टेंबरात. म्हणजे आपल्या इंदूरच्या जेल रोडला फोनच्या दुकानात कधीही गेलात तरी काहीतरी 'येणारच' असतं. न आलेल्या फोनबद्दल जे कानावर येतं ती बरीचशी ऐकीव बातमी असते. हातात येईपर्यंत त्याचं वजन कळत नाही आणि उन्हात अक्षर दिसतं का, तेही कळत नाही.

आता आमच्या आत्याची गोष्ट सांगते. वय चौऱ्याहत्तर, राहायला रामबागेत. रोज संध्याकाळी अभंग वाचायचे, तेही फोनवर. अक्षर इतकं मोठं केलेलं की एका ओळीत तीन शब्द मावायचे. चरण संपेपर्यंत बोटाने चारदा सरकवायचं. माझ्या मुलाने ठरवलं, आत्याआजीला टॅब घ्यायचा. पण लगेच नाही, महिनाभराने नवा येतोय तो. आत्या म्हणाली, "अरे राजा, दुकानात आहे तो तर दाखव आधी."

गेलो आम्ही. आत्याने पिशवीतून वाचायचा चष्मा काढला, स्टुलावर बसली आणि अकरा इंची टॅब एका हातात धरून अभंग पुटपुटायला लागली. दुकानातला मुलगा बघत राहिला. तिसऱ्या अभंगाला मनगट खाली आलं. "किती वजन रे याचं?" तो म्हणाला, अर्धा किलोच्या आसपास. "अर्धा किलो भेंडी मी पिशवीतून आणते, तासभर डोळ्यांसमोर धरून बसत नाही." तो टॅब परत गेला. मग आठ-नऊ इंची आला. पाच अभंग झाले, हात जागचा हलला नाही. तशीच उठून ती दुकानाच्या दाराशी गेली, उन्हात धरून पाहिलं, आणि परत येऊन विचारलं, "अपडेट किती वर्षं मिळणार?" तो म्हणाला, "माताजी, वॉरंटी एक साल की है." "वॉरंटी नाही विचारली बाळा. अपडेट किती वर्षं?" त्याला आत जाऊन विचारून यावं लागलं. तोवर माझा मुलगा कानाशी नव्या टॅबचं गुणगान करतच होता. आत्या शांतपणे म्हणाली, "न चाखलेल्या आमटीत मी मीठ घालत नाही."

नऊ इंची टॅब घेऊन आम्ही परतलो. महिन्याने तो नवा आला. मुलाने दुकानात जाऊन हातात धरला आणि मला फोन केला, "आई, आजीला हा जड झाला असता."

तर श्रोतेहो, अपडेट, म्हणजे कंपनी फोनच्या आतल्या प्रणालीत वेळोवेळी पाठवते त्या सुधारणा, त्या किती वर्षं? हा प्रश्न विसरू नका. 2024 च्या जानेवारीत आलेल्या गॅलेक्सी एस 24 ला सॅमसंगने सात वर्षांचा शब्द दिला. त्याआधी 2023 मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल 8 फोनलाही तेवढाच दिला होता. स्वस्त फोनांना अनेकदा याहून बरीच कमी वर्षं मिळतात. आणि ही वर्षं मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळालं तर दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणं मला अजिबात पटत नाही. पुन्हा सांगते, वर्षं विचारा.

चार्जरची कटकट आता कमी झाली आहे. 2023 च्या आयफोन 15 पासून ॲपलनेही सी टाइप घेतलं, त्यामुळे घरात एकच वायर पुरते. टॅब सिमचा हवा की नुसता वायफायचा, हे मात्र घरूनच ठरवून निघा. आत्याचा वायफायचा आहे. अभंग आधीच उतरवून ठेवलेत, भजनी मंडळात अडत नाही.

एक गोष्ट मनात आहे, बोलून टाकते. टॅब घेतलात तर त्यात मराठी कीबोर्ड पहिल्या दिवशीच चालू करून द्या. इंदूरच्या आपल्या मुलांना मराठी बोलता येतं, लिहायला बसली की अडखळतात. त्यांना आजीसाठी रोज मराठीत एक निरोप लिहायला लावा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि जुना वापरलेला फोन घेत असाल तर बिल फाडण्याआधी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी क्रमांक दिसेल. मेसेजमध्ये इंग्रजीत के वाय एम लिहा, एक जागा सोडा, तो क्रमांक टाका आणि 14422 वर पाठवा. फोन काळ्या यादीत, म्हणजे चोरीचा किंवा हरवलेला म्हणून नोंदलेला असेल, तर उत्तरात कळतं. पुन्हा सांगते, 14422. पैसे त्यानंतर द्या.