रन, वॉक, फ्लोट आणि मागची चिल्लर

नमस्कार मंडळी. आज इंग्रजी क्रियापदांच्या मागे येणाऱ्या इन, आउट, अप, ऑफ असल्या छोट्या शब्दांबद्दल बोलू. एक इंग्रजी वाक्य सांगतो, जरा नीट ऐका. 'द बॉटल फ्लोटेड इन्टू द केव्ह.' आता हेच मराठीत पटकन बोलून बघा बरं. बहुतेकांच्या तोंडून येईल, बाटली तरंगत तरंगत गुहेत शिरली. म्हणजे आपलं मुख्य क्रियापद झालं 'शिरली', आणि तरंगणं बिचारं 'तरंगत' होऊन बाजूला बसलं. इंग्रजीत बरोब्बर उलटं, तिथे क्रियापद तरंगण्याचं आणि शिरणं गेलं त्या एवढ्याशा 'इन्टू'त.

लेनर्ड टाल्मी म्हणून अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८५ साली हेच बाटलीचं वाक्य घेऊन इंग्रजी आणि स्पॅनिशची तुलना केली होती. त्यांचं म्हणणं साधं आहे, हालचाल सांगताना कसा गेला आणि कुठून कुठे गेला अशा दोन गोष्टी असतात, आणि क्रियापदात यातलं काय भरायचं ते प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. इंग्रजी, जर्मन, रशियन यांनी 'कसा' क्रियापदात भरलं आणि वाट बाहेर ठेवली. स्पॅनिश, तुर्की, जपानी यांनी वाटच क्रियापदात घातली. मला विचाराल तर मराठी बरीचशी या दुसऱ्या पंगतीत बसते. चढणं, उतरणं, शिरणं, निघणं, ओलांडणं, बघा, दिशा आतच आहे, वेगळं काही चिकटवायला नको.

आता वाट बाहेर ठेवल्यामुळे इंग्रजीत क्रियापदाची जागा मोकळी झाली ना, मग तिथे ते लोक काय वाट्टेल ते आणून बसवतात. 'ही लिम्प्ड आउट', लंगडत बाहेर गेला. 'शी टिपटोड अपस्टेअर्स', चवड्यांवर हळूच वर गेली. इथपर्यंत ठीक आहे, पण 'द ट्रक रम्बल्ड पास्ट' यात रम्बल हा तर नुसता आवाज आहे, त्याचा जाण्याशी काय संबंध, तरी मागे 'पास्ट' लावलं की ट्रक धडधडत समोरून निघून जातो. भाषाशास्त्रज्ञ ॲडल गोल्डबर्ग यांचं तर शिंकण्याचं उदाहरण अभ्यासकांमध्ये फेमस आहे, शिंकेने टेबलावरचा नॅपकिन उडाला तर इंग्रजीत सरळ 'स्नीझ्ड द नॅपकिन ऑफ द टेबल' म्हणता येतं. माणूस नॅपकिनला शिंकतो आणि 'ऑफ' त्याला खाली पाडतं!

डॅन स्लोबिन वगैरे संशोधकांनी शब्दच नसलेलं एक चित्रांचं पुस्तक वेगवेगळ्या भाषांच्या लहानमोठ्यांना देऊन गोष्ट सांगायला लावली. एक मुलगा, कुत्रा, हरवलेला बेडूक, आणि एका चित्रात झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येतं. स्पॅनिशवाले शक्यतो घुबड निघालं एवढंच म्हणाले, इंग्रजीवाल्यांनी मात्र 'पॉप्ड आउट', 'फ्लू आउट' असं काय काय वापरलं. पण यावरून आपलीतुपली भाषा गरीब असला निष्कर्ष कुणी काढू नका हं. साप सुळकन बिळात शिरला, चिमणी भुर्रकन उडाली, पोरगं दुडुदुडु आलं, आपण 'कसा'चा सगळा माल या सुळकन-भुर्रकनमध्ये ठेवलाय. शिवाय आपल्याला आला की गेला हेही सांगावंच लागतं, 'ही लिम्प्ड आउट' मध्ये सांगणारा आत होता की बाहेर हे कळतच नाही.

बरं, आपले लोक अडखळतात कुठे? माझ्या मते बऱ्याचदा 'इन' आणि 'इन्टू'मध्ये. 'शी डान्स्ड इन द हॉल' म्हणजे हॉलमध्ये नाचली, आणि 'डान्स्ड इन्टू द हॉल' म्हणजे नाचत नाचत हॉलमध्ये आली. आपलं 'हॉलमध्ये' दोन्हीकडे तेच, फरक क्रियापद सांभाळतं, म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे 'इन' ठोकून देतो. तसंच 'शेतातून'. मोकळ्या शेतातून आडवं गेलात तर 'अक्रॉस द फील्ड', उभ्या पिकातून वाट काढत गेलात तर 'थ्रू द फील्ड', कारण 'अक्रॉस'ला सपाटी लागते आणि 'थ्रू'ला चारी बाजूंनी काहीतरी लागतं.

आणि ते 'गेट डाउन फ्रॉम द बस'! आपलं 'उतरणं' उचलून जसंच्या तसं तिकडे ठेवलंय. चुकीचं म्हणून कुणाच्या अंगावर जायची गरज नाही, आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण तिकडचे 'गेट ऑफ द बस' म्हणतात आणि कारमधून मात्र 'गेट आउट ऑफ द कार'. साधारण असं धरा की ज्यात उभं राहून चार पावलं टाकता येतात त्या बस, ट्रेन, विमानाला ऑन-ऑफ, आणि ज्यात वाकून बसावं लागतं त्या कार, टॅक्सीला इन-आउट. सायकल आणि घोडा अर्थातच 'ऑन', त्यांच्यात शिरणार कसं.

एक गोची अजून आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच-लॅटिनचे ढीगभर शब्द इंग्रजीत आले, एन्टर, डिसेन्ड, रिटर्न वगैरे. ही क्रियापदं मराठीसारखी, वाट पोटात घेऊन आलेली. म्हणून 'गो इन्टू द रूम' पण 'एन्टर द रूम', मध्ये काही नको. 'रिटर्न बॅक' म्हटलं की लोक हसतात ते याचसाठी, परत येणं दोनदा झालं. आणि 'गो होम'मध्ये 'टू' का नाही? तिथलं 'होम' आपल्या 'घरी'सारखं आहे, आपण तरी कुठे 'घरीला गेलो' म्हणतो.

आता जरा किचकट पण मला सगळ्यात आवडणारा भाग. 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल', दोन्ही वाक्यं कानाला सारखीच. पहिल्यात टेकडीवर धावत चढला, दुसऱ्यात उधारी वाढवून ठेवली. आता नाव काढून 'इट' घाला. टेकडीसाठी 'रॅन अप इट', बिलासाठी 'रॅन इट अप'. पहिला 'अप' प्रिपोझिशन, तो टेकडीला धरून आहे, तिला सोडून पुढे सरकत नाही. दुसरा क्रियापदाचा जोडीदार, आणि 'इट' आलं की त्याला मागे सरकावंच लागतं. क्लासच्या नोट्समध्ये फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे अशा जोडीदारवाल्या क्रियापदांच्या, लांबच लांब याद्या देतात पाठ करायला, ही एवढी टेस्ट कुणी देत नाही, याचा मला खरंच राग येतो.

परक्यांना हे जड जातं ही काही आजची बातमी नाही, सॅम्युअल जॉन्सननी १७५५ च्या आपल्या डिक्शनरीच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की इंग्रजीत क्रियापदाला असे छोटे शब्द जोडले जातात आणि परदेशी माणसाला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. बऱ्याच ठिकाणी मूळ दिशा पकडली की अर्थ लागतो, 'रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं, आपण दुधाच्या बाहेर पडलो. पण सगळीकडे नाही हो लागत. 'द लाइट्स वेन्ट ऑफ' म्हणजे लाइट गेले, आणि 'द अलार्म वेन्ट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला! सकाळी सहाला कुणी म्हणालं 'द अलार्म वेन्ट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ', तर पहिल्या 'ऑफ'ने तो वाजायला लागला, दुसऱ्याने गप्प झाला, आणि मधलं 'इट' बघा, टर्न आणि ऑफच्या बरोब्बर मध्ये जाऊन बसलंय.