आधी भिंत, मग यंत्र

नमस्कार श्रोतेहो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं वीजबिल कमी करायचं ठरलं की पहिल्यांदा दिवे बदलतात. एलईडी येतात, माणूस उठून गेला की आपोआप विझणारे दिवे येतात. चांगलंच आहे ते. पण मोठ्या ग्रंथालयात विजेचा मोठा वाटा बहुधा हवा थंड-गरम करण्यात जातो. म्हणून मी आज भिंतींबद्दल बोलणार आहे. आधी भिंत, मग यंत्र. एवढं ध्यानात ठेवा. आधी भिंत, मग यंत्र.

त्यासाठी आपण पोर्तुगालला जाऊ. कोइंब्रा विद्यापीठाचं जोआनिना ग्रंथालय १७१७ ते १७२८ या काळात बांधलं गेलं. आत सोनेरी नक्षीची उंच कपाटं, जुने ग्रंथ, भारी लाकडाची टेबलं. आणि श्रोतेहो, त्या कपाटांमागे राहतात वटवाघळं! अगदी लहान, मुठीत मावतील एवढी. दिवसभर दडून बसतात, रात्री दालन रिकामं झालं की बाहेर पडतात आणि किडे टिपून खातात. पुस्तकाला लागलेली कीड तुम्ही पाहिली आहे. पानांतून आरपार गेलेली भोकं, फळीवर सांडलेला भुसा. एकेकाळी ग्रंथांतली कीड मारायला इथिलीन ऑक्साइडची धुरी दिली जायची, आणि त्या वायूनं माणसाला कर्करोग होऊ शकतो. इथं तेच काम वटवाघळं करतात, आणि हवेत विषाचा कणही मिसळत नाही.

आता वटवाघळं म्हटली की विष्ठा आलीच. म्हणून रोज संध्याकाळी कर्मचारी त्या जुन्या टेबलांवर चामड्याची आच्छादनं पसरतात. सकाळी ती काढायची, फरशी स्वच्छ करायची, मग लोकांना आत घ्यायचं. रोज. न चुकता, रोज. या गोष्टीत मला सर्वांत प्रिय आहे तो सकाळी फडकं घेऊन येणारा माणूस. ग्रंथालयाचं कौतुक होतं तेव्हा वास्तुकाराचं नाव येतं, देणगीदाराचं येतं, झाडणाऱ्या-पुसणाऱ्याचं येत नाही. ते यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आणि बिचाऱ्या वटवाघळाला अपशकुनी म्हणणंही आता थांबायला हवं.

तर, भिंती. त्या ग्रंथालयाच्या बाहेरच्या भिंती दोन मीटरांहून जाड आहेत, दार सागवानी. बाहेर ऊन असो की थंडी, आतलं तापमान फारसं बदलत नाही. कागदाला हेच मानवतं. त्याला बाधते ती उष्णता, बाधतात ते झटपट होणारे चढउतार, आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पण वर्षभर तापमानाचा एकच आकडा राखायला यंत्रं रात्रंदिवस चालवावी लागतात. ऋतूप्रमाणे हळूहळू दोन-चार अंशांचा फरक पडू दिला, तर बहुतेक पुस्तकं तो सहज सोसतात. मग वाचनकक्ष इतका गार कशाला, की वाचणाऱ्यानं स्वेटर घालून बसावं? मला हे अजिबात पटत नाही.

नव्या इमारतींनाही हे साधतं. बर्लिनच्या फ्री विद्यापीठातलं २००५ सालचं भाषा-साहित्याचं ग्रंथालय दुहेरी कवचाचं आहे. दोन कवचांमधून हवा खेळते आणि वर्षाचा बराच काळ यंत्राविना भागतं. वॉर्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या छतावर तर एक हेक्टरहून मोठी बाग आहे. माती आणि झाडांखालचं छत उघड्या छतासारखं तापत नाही.

तुमच्यापैकी कोणी ग्रंथालय समितीवर असेल, तर कळकळीनं सांगतो. नव्या वातानुकूलन यंत्राची निविदा काढण्याआधी भर दुपारी गच्चीवर जा, छत किती तापलंय ते पाहा. खिडक्यांच्या फटी शोधा. पश्चिमेच्या काचांवर सावली आहे का, बघा. आधी भिंत, मग यंत्र. नमस्कार.