आधी ठरलं, मग पटलं

(दृश्य: दापोली. पावसाची भुरभुर, आंब्याच्या रोपांची रांग.)

दापोली. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथे आहे. कृषी विस्तार, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचं शास्त्र, शिकणाऱ्याला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स चुकत नाही. नवं तंत्र माणूस कसं स्वीकारतो, याचे त्याने पाच टप्पे सांगितले: कळणं, पटणं, ठरवणं, वापरणं आणि शेवटी खात्री होणं. खात्री झाली नाही, तर हाती घेतलेलंही सुटतं.

आजवर हे शेतकऱ्याला लावून बघायचं. मार्च २०२० मध्ये ते शिकवणाऱ्यांच्याच अंगावर आलं, आणि तेही उलटं. कोविडची टाळेबंदी लागली आणि ऑनलाइन शिकवायचं हे पटायच्या आधीच ठरलं होतं! झूम, गूगल मीट, जे मिळेल ते. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं. दापोली, मंडणगडाकडे विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर जा. तिथे उभं राहून तासभराचं व्याख्यान कोण ऐकणार?

(दृश्य: कलम बांधणारे हात, अगदी जवळून.)

टिकलं ते वेगळंच. हे कोय कलम बघा. कोयीतून नुकतं उगवलेलं, कोवळ्या, तांबूस पानांचं रोप, त्याला चीर, त्यात चांगल्या झाडाच्या काडीची पाचर, वर प्लॅस्टिकची पट्टी. वर्गात हे पुढच्या चार मुलांना दिसतं. मागची माना उंचावतात. तेच चार मिनिटांचं चित्रीकरण व्हॉट्सॲपवर गेलं, की रेंज मिळेल तेव्हा उतरतं आणि पाहिजे तितक्या वेळा थांबवून बघता येतं. मुलं प्रात्यक्षिकाला बघून येतात, हात लवकर वळतो. सरांना पटतं ते इथे. परिपत्रकाने नाही. कलम मात्र चाकू हातात धरूनच शिकायचं, त्याला पर्याय नाही.

२०१७ मध्ये 'स्वयं' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. २०२१ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी तिथून ४० टक्क्यांपर्यंत विषय घ्यायची मुभा दिली. प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या यूजीसीच्या २०१८ च्या तक्त्यात संपूर्ण ई-अभ्यासक्रम तयार करायला १२ गुण आहेत. तयार करायला! जुनं चित्रीकरण दरवर्षी तपासायचं, बदललेली शिफारस त्यात घालायची, रात्री अकराला आलेल्या शंकेला उत्तर द्यायचं, या कामाला त्या तक्त्यात रकानाच नाही. म्हणून बरेच जण एकदा करून गुण घेतात आणि पुढच्या जूनला पुन्हा खडू उचलतात. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. आधी त्यांचं वेळापत्रक बघावं.