अलिझेचे फोटो बघताना

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पडद्यावर आपल्या नौदलाच्या पाणबुडीशोधक अलिझे विमानाचा हा फोटो आला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘याला तीन इंजिनं होती का हो?’ नाही. इंजिन एकच, नाकात बसवलेलं. पंखांवर जे दोन फुगीर डोलारे दिसतात त्यांच्या मागच्या भागात चाकं आत ओढली जायची आणि पुढच्या भागात सोनोबॉय ठेवलेले असायचे. सोनोबॉय म्हणजे पाण्यात टाकायचे तरंगते कान. पाणबुडीचा आवाज ते ऐकायचे आणि रेडिओवरून विमानाला कळवायचे. बाकी फोटोपुरतं बोलायचं तर त्या दोन डोलाऱ्यांमुळे अलिझे लांबूनही ओळखू येतं.

ब्रेगे कंपनीचं हे फ्रेंच विमान १९५६ साली पहिल्यांदा उडालं. आपल्या नौदलाची ३१० क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे ‘कोब्रा’, १९६१च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या इएर इथे उभी राहिली. त्याच महिन्यात बेलफास्टला विमानवाहू जहाज विक्रांत, म्हणजे पहिली विक्रांत, नौदलात दाखल झाली होती. विमानं फ्रान्समध्ये, जहाज उत्तर आयर्लंडमध्ये आणि माणसं आपली. ही सगळी जमवाजमव कशी झाली असेल, यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

आता हा दुसरा फोटो. विमान हवेत आहे आणि पोटाखाली मोठ्या घागरीएवढं काहीतरी लोंबतंय. तो रडारचा घुमट. काम नसताना तो पोटात ओढून घेत, काम सुरू झालं की खाली सोडत. जमिनीवरच्या फोटोत तो सहसा दिसत नाही, कारण तिथे तो पोटात ओढलेला असतो. म्हणजे ज्यांनी हे विमान फक्त उभं पाहिलं, त्यांनी ते कामावर असलेलं पाहिलंच नाही. आत तिघे बसत. पुढे दोघं शेजारी शेजारी, वैमानिक आणि रडारवाला. तिसरा मागे, बाजूला तोंड करून उपकरणांपुढे बसलेला. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालायच्या आणि त्याने बाहेर पाहायचं म्हटलं तरी मान वळवायला हवी. फोटोत त्याचं फार तर हेल्मेट दिसतं.

फोटोत येत नाही तो आवाज. नाकातलं इंजिन रोल्स-रॉइसचं डार्ट. इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट, फोकर किंवा अ‍ॅव्हरोने ज्यांनी प्रवास केलाय, त्यांच्या कानात ती शीळ अजून असेल. गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर नोकरी केलेले जुने नौसैनिक विमानाबद्दल बोलायला लागले की आधी त्या शिळेवरच येतात. वेग, पल्ला वगैरे नंतर.

हा डेकवरचा फोटो मात्र नीट बघा. पंख पूर्ण पसरलेत. टोकापासून टोकापर्यंत साडेपंधरा मीटर. दुमडले की सातच मीटर, तेव्हा कुठे ते लिफ्टवर आणि खालच्या हँगरात मावायचं. चाकांजवळ दोन माणसं वाकलीत, बघा, पंखा त्यांच्यापासून किती जवळ आहे! ते कॅटापल्टचा, म्हणजे विमान फेकणाऱ्या यंत्राचा, पोलादी दोर विमानाला अडकवताहेत. विमान मागून धरून ठेवलेलं असतं, इंजिन पूर्ण ताकदीवर येतं, मग वाफेचा दाब विमानाला डेकवरून फेकतो आणि विमान सुटलं की दोर गळून पडतो. उतरताना शेपटीखालच्या हुकाने डेकवरची तार पकडायची. वैमानिकांचे फोटो ढिगाने मिळतात. दोर अडकवणाऱ्यांचे मिळत नाहीत. हा मिळाला तोही बहुधा चुकून, कारण फोटो काढणाऱ्याला विमानच हवं होतं.

कॅटापल्ट असला तरी समोरून वारा लागतोच, म्हणून जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवून ते पळवतात. १९७१च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात विक्रांतच्या चारपैकी एक बॉयलर निकामी होता, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. तशा स्थितीत बंगालच्या उपसागरातून सीहॉक ही लढाऊ जेट आणि अलिझे उडाली. कॉक्स बाजार आणि चितगावच्या हल्ल्यांचं श्रेय लोक सीहॉकला देतात. ते योग्यच आहे, पण रात्री अलिझेही जायची. पश्चिमेला ९ डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. दुसऱ्या दिवशी एका अलिझेला पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरने पाडलं. ताशी जेमतेम पाचशे किलोमीटरचं पंख्याचं विमान आणि मागे आवाजाच्या दुप्पट वेगाचं जेट. तिघेही परतले नाहीत. त्यामुळे स्क्वाड्रनचा एखादा समूहफोटो हाती आला की मी आधी साल बघतो, ७१च्या आधीचा की नंतरचा.

पुढे हॅरिअर ही थोड्या धावेत उडणारी जेट विमानं आली. त्यांच्यासाठी विक्रांतच्या नाकाशी चढण बांधली गेली, कॅटापल्ट गेला आणि त्याबरोबर अलिझेचं जहाजावरचं आयुष्य संपलं. काही वर्षं ती किनाऱ्यावरून उडाली आणि १९९१च्या सुमारास निवृत्त झाली. फ्रान्सने मात्र ती २०००पर्यंत वापरली! ती जुनी विक्रांत २०१४ साली मुंबईत दारुखान्याला तोडली गेली. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाच्या विमान संग्रहालयात एक अलिझे उभं आहे. गेलात तर बाजूने फोटो काढून परतू नका. वाकून पोटाखाली बघा, घुमट कुठून खाली येत असेल त्याचा अंदाज घ्या.

आणि एक काम. तुमच्यापैकी कुणाच्या घरी वडिलांचा, काकांचा नौदलातला अल्बम असेल, तर फोटो चिकटवलेल्या पानावरून ओढून काढू नका, पाठीमागची शाई पानालाच राहते. पानासकट स्कॅन करा. फोटो सुटा असेल तर दोन्ही बाजू. घरात ते काका असतील, तर एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावं विचारून घ्या. विमानाचा नंबर विमानावरच वाचता येतो, दोर अडकवणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. चला, दिवे लावा. प्रश्न असतील तर विचारा.