थंडी आणि गवत

अध्यक्षमहाशयांनी ओळख करून देताना 'गवताच्या पुलावर बोलणार' असं जाहीर केलंय. बोलतो, पण आधी बटाटा. (हशा) हसून घ्या. मग कळेल की पुलापेक्षा बटाट्याची गोष्ट मोठी आहे.

जागा कुठली, ते चटकन सांगतो. दक्षिण पेरू, कुस्को विभाग, त्यात कानास प्रांत आणि त्यात केवे. त्याला तिकडे जिल्हा म्हणतात, पण आपल्या जिल्ह्यासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या-वस्त्या, इतकंच. समुद्रसपाटीपासून पावणेचार हजार मीटरच्या आसपास. घराघरात केचुआ बोलतात. शेजारच्याच मुलखातून 1780 मध्ये दुसरा तुपाक आमारू या स्थानिक पुढाऱ्यानं स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड पुकारलं. तो विषय काढला तर आज जेवायला घरी पोचणार नाही.

एका प्रवासी कंपनीच्या माणसाकडं या भागाची चौकशी केली, तर तो म्हणाला, "साहेब, तिकडे आहे काय? थंडी आणि गवत." तेव्हापासून मला हे व्याख्यान द्यायचं होतं. कारण त्या माणसानं तिथल्या लोकांचं सगळं भांडवल दोन शब्दांत सांगून टाकलं होतं, फक्त त्याला पत्ता नव्हता!

आधी थंडी. बटाट्याची काढणी एप्रिल-मेमध्ये उरकते. जून म्हणजे तिकडचा हिवाळा: पाऊस नाही, दिवसा कडक ऊन, रात्री पाणी गोठवणारा गारठा. मग बटाटे सपाट माळावर एकेरी थरात पसरायचे आणि तसेच उघड्यावर सोडायचे. रात्री दगडासारखे गोठतात, दिवसा उन्हात पिलपिलीत होतात. असं काही रात्री झालं की लहान लहान ढीग करून अनवाणी पायांनी तुडवायचे. पाणी पचपच बाहेर येतं, सालं सुटतात. मग वाळवायचे. उरतो तो काळसर, हलका, खडखड वाजणारा चुन्यो. आपण उन्हाच्या भरवशावर गच्चीत वाळवणं घालतो, त्यांचं वाळवण रात्रीच्या हिमावर चालतं. काही जाती मुळात इतक्या कडू की ताज्या खाताच येत नाहीत. पण त्याच हिमाला दाद देत नाहीत, म्हणून लावायच्या आणि त्यांचा चुन्यो करायचा. तो वर्षानुवर्षं टिकतो. इंकांची कोठारं त्यानं भरलेली असत. पुढं आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींत तोच विकून कित्येक स्पॅनिश गब्बर होऊन मायदेशी परतले, हे त्यांच्याच एका बखरकारानं सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय. खाणीत राबणारे आदिवासी, पायांनी तुडवणारेही आदिवासी, आणि गब्बर कोण? असो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, गवत.

त्याच जूनमध्ये, काढणी झालेली आणि पाऊस लांब, अशा वेळी आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका पूल नव्यानं विणतात. विंचिरी, चौपिबांदा, चोकायवा आणि कोयाना केवे अशा चार वस्त्यांचं हे काम. इचू जातीचं चिवट गवत कापून घराघरातून बारीक दोरी वळून आणायची. ही दोरी बहुतेक बायका वळतात. पुरुष त्या दोऱ्यांचे जाड दोर करतात, चार दोर पायांखाली, दोन हातांनी धरायला. नवे दोर जुन्या पुलावरूनच पलीकडे नेतात, मग जुना तोडून नदीत सोडतात. लांबी सुमारे 28 मीटर. काम तीन दिवसांचं, चौथ्या दिवशी खाणंपिणं आणि नाच. सुरुवातीला पृथ्वीमातेला आणि डोंगरांच्या देवांना नैवेद्य असतो.

'जवळच गाड्यांचा पूल असताना हे कशाला?' असं दरवेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो. एका वर्षी तुमच्या घरची दोरी आली नाही, तर पुढच्या पेरणीला हात मागायला कुठल्या तोंडानं जाणार? त्या हाताला हात देण्याला ते आयनी म्हणतात. युनेस्कोनं 2013 मध्ये पूल विणण्याच्या या परंपरेची दखल घेतली, ठीक आहे. पण महासाथीमुळं 2020 मध्ये पूल विणलाच गेला नाही आणि मार्च 2021 मध्ये तो कोसळला. युनेस्कोच्या यादीत असला तरी गवत कुजतंच! जून उजाडला तशा चारही वस्त्या पुन्हा दोरी घेऊन हजर. तेव्हाचे फोटो दाखवणार होतो, पण अध्यक्ष उभे राहिलेत.